वॉल्टर टल यांचे सात फलक : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

पेठेतील तालीम मंडळाच्या वरच्या मजल्यावर वाचनालय आहे. त्याची पूर्वेकडची भिंत रंग देऊन मोकळी झाली असून तिच्यावर एका फुटबॉलपटूचे चरित्र सात फलकांत मांडावे, असे मंडळाच्या बैठकीत ठरले. मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मांडणीचे काम आमच्याच संघात डाव्या बगलेला खेळणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलाने स्वीकारले. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ कुस्तीच्या तालमींतून उभे राहिले, त्यामुळे खेळाडूची ओळख त्याच्या पेठेवरून आणि तालमीवरून होते. रात्री जागून युरोपातले सामने पाहणारी आमची मुले टॉटनहॅम या संघाची आजची नावे घडाघडा सांगतात. म्हणून त्याच संघातून १९०९ साली खेळलेल्या आणि पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या वॉल्टर टल यांचे नाव मी सुचवले आणि ते मान्य झाले.

प्रत्येक फलकावर सव्वाशे शब्द बसतात. एकोणतीस वर्षांच्या आयुष्याला एकूण पावणेनऊशे शब्द मिळणार आहेत, तेव्हा काय ठेवायचे यापेक्षा काय गाळायचे याचाच विचार अधिक करावा लागेल. कच्चा आराखडा असा केला आहे : घर आणि बालकाश्रम, क्लॅप्टन, टॉटनहॅम, नॉर्थॅम्प्टन, फुटबॉल बटालियन, इटलीची नदी आणि शेवटी २५ मार्च १९१८.

९ जानेवारी

पहिल्या फलकाचा मजकूर दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा फाडला. दोन्ही मसुदे वडिलांच्या गुलाम पूर्वजांपासून सुरू होत होते आणि वाचणाऱ्याच्या मनात कळवळा निर्माण करूनच पुढे सरकत होते. वॉल्टरचे वडील डॅनियल टल हे बार्बाडोस बेटावरचे, आणि त्यांच्या वडिलांनी गुलामीचे दिवस भोगले होते, हे खरे आहे व ते सांगायलाच हवे. मात्र डॅनियल इंग्लंडला आले ते हातात सुतारकामाचे कसब घेऊन. १८७६ साली केंट परगण्यातील फोकस्टन या बंदराच्या गावी ते उतरले, तेथे काम मिळवले आणि त्याच भागातील ॲलिस पामर यांच्याशी लग्न केले. २८ एप्रिल १८८८ रोजी वॉल्टरचा जन्म झाला. आता मजकूर सुताराच्या घरापासून सुरू होतो आणि बार्बाडोस दुसऱ्या वाक्यात येते. एवढ्या बदलाने सगळ्या मजकुराचा सूरच पालटला.

१८९५ साली आई कर्करोगाने गेली. वडिलांनी ॲलिस यांच्या नात्यातील क्लारा यांच्याशी दुसरे लग्न केले, परंतु १८९७ साली हृदयविकाराने तेही गेले. घरात मुले अनेक आणि कमावते हात क्लारा यांचे एकट्यांचे. अखेर १८९८ च्या फेब्रुवारीत वॉल्टर आणि त्याचा थोरला भाऊ एडवर्ड यांना लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील मेथडिस्ट पंथीयांच्या बालकाश्रमात ठेवण्यात आले. त्या वेळी वॉल्टर दहा वर्षांचाही नव्हता. क्लारा यांच्याविषयी 'सावत्र आईने मुलांना अनाथाश्रमात टाकले' असे एक वाक्य माझ्या टिपणवहीत पूर्वी कुठून तरी उतरले होते, ते मी आज खोडले. 'टाकले' या क्रियापदात जो आरोप आहे, तो करण्याचा मला अधिकार नाही. नवऱ्यामागे इतकी मुले सांभाळणाऱ्या बाईला त्या काळात दुसरा कोणता मार्ग होता, हे आपण आपल्याच घरांतील जुन्या विधवांना आठवून पाहावे.

१४ जानेवारी

संक्रांतीमुळे तालीम बंद होती, म्हणून घरी बसून दुसरा फलक लिहिला.

बालकाश्रमातील मुलांचे एक गायक पथक होते आणि आश्रमासाठी निधी जमवण्याकरिता ते गावोगावी कार्यक्रम करत असे. अशाच एका दौऱ्यानंतर एडवर्डला ग्लासगोतील वॉर्नक कुटुंबाने दत्तक घेतले. तो पुढे दंतवैद्य झाला आणि ब्रिटनमध्ये ती पदवी मिळवणाऱ्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीयांत त्याची गणना होते. वॉल्टर लंडनलाच राहिला. आश्रमाच्या संघातून फुटबॉल खेळू लागला आणि छापखान्याच्या कामात त्याने उमेदवारी केली.

छापखान्याच्या या उल्लेखापाशी मी बराच वेळ थांबलो. माझे वडील जुळारी, म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. खिळ्यांच्या केससमोर दिवसभर उभे राहून, डाव्या हातातल्या पट्टीत ओळ उलटी जुळवत जाणे आणि ती उलटीच वाचणे, हे मी लहानपणी रोज पाहिले आहे. त्यांच्या बोटांच्या टोकांना शिशाचा करडा रंग कायमचा चढला होता. फुटबॉलपटूच्या चरित्रात छापखान्याला एक ओळ पुरते असे कोणीही म्हणेल, परंतु आश्रमातील मुलाच्या हाती स्वतःच्या पोटापुरता धंदा देण्याची ही सोय होती आणि फुटबॉल नसता तर टल यांचे आयुष्य याच कामात गेले असते. मी तीन ओळी ठेवल्या आहेत.

१९०८ साली क्लॅप्टन या लंडनच्या हौशी संघाने त्याला घेतले. त्या एकाच हंगामात क्लॅप्टनने हौशी संघांचा राष्ट्रीय चषक, लंडन सीनियर चषक आणि लंडन परगण्याचा हौशी चषक असे तीन चषक जिंकले. हौशी चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी एस्टन युनायटेडचा ६-० असा पराभव केला. तीन चषकांची वेगळी चौकट करावी असे मांडणी करणाऱ्या मुलाने सुचवले, ते योग्य वाटले.

१९ जानेवारी

'तो' लिहायचे की 'ते', हा प्रश्न आता टाळता येत नाही. आपल्याकडे मैदानावरच्या खेळाडूला, तो कितीही मोठा असला तरी, प्रेक्षक एकेरीतच बोलावतात आणि त्यात आपलेपणा असतो. दुसरीकडे लष्करातील अधिकाऱ्याविषयी लेखी मजकुरात एकेरी लिहिणे आपल्या कानाला खटकते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा पेच पडत नाही. आपल्याला मात्र माणूस कोणत्या दिवशी आदरार्थी झाला, याचा निर्णय घेऊनच वाक्य लिहावे लागते.

सैन्यात अधिकारी झाल्यावर 'ते' लिहावे, असे एकाने सुचवले. ते मला पटले नाही, कारण मग लष्करी हुद्द्यानेच माणसाला मान मिळवून दिला, असा अर्थ निघेल. मी असे ठरवले आहे की बालकाश्रम सुटेपर्यंत 'वॉल्टर' आणि 'तो', आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून स्वतःच्या नावाने करारावर सही केल्यापासून 'टल' आणि 'ते'. ही सही १९०९ सालची आहे.

२३ जानेवारी

तिसरा फलक म्हणजे टॉटनहॅम, आणि सर्वांत अवघडही हाच.

१९०९ च्या उन्हाळ्यात टॉटनहॅमचा संघ अर्जेंटिना आणि उरुग्वे येथे खेळायला गेला, त्यात टल होते. परतल्यावर सप्टेंबरात त्यांनी संडरलंडविरुद्ध इंग्लिश लीगच्या पहिल्या विभागातला आपला पहिला सामना खेळला आणि ११ सप्टेंबरला स्वतःच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ते उतरले. पहिला गोल ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध झाला. त्यांची जागा आघाडीच्या फळीत डावीकडे आतल्या बाजूला होती. वेगापेक्षा चेंडूवरचा ताबा आणि डोके शांत ठेवून दिलेला पास यांसाठी त्यांची वाखाणणी झाली. व्यावसायिक खेळाडूला त्या काळी आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड मिळत आणि टल यांना तेवढे मिळत होते.

९ ऑक्टोबरला ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर प्रेक्षकांच्या एका टोळक्याने त्यांच्या रंगावरून त्यांना सामनाभर शिवीगाळ केली. 'फुटबॉल स्टार' या पत्राच्या बातमीदाराने त्या जमावाला भेकड म्हटले, टल मनाने आणि खेळाने इतके स्वच्छ आहेत की इंग्लंडमधल्या गोऱ्या खेळाडूंनी त्यांचा कित्ता गिरवावा असे लिहिले, आणि त्या दिवशी मैदानावरचा कुवतीने सर्वांत चांगला आघाडीपटू तेच होते असेही नोंदवले. ती भाषा बिलिंग्जगेटहूनही हीन होती, असे त्याचे एक वाक्य आहे. बिलिंग्जगेट हा लंडनचा मासळीबाजार. मी प्रथम 'मासळीबाजारालाही लाजवेल अशी भाषा' असे लिहिले, परंतु वाचून पाहिले तेव्हा चूक ध्यानात आली. मराठीत मासळीबाजार म्हटले की नुसता कालवा डोळ्यांसमोर येतो, शिव्या येत नाहीत. शिवाय कोळणींना विनाकारण बोल लागतो. आता मजकुरात 'अत्यंत शिवराळ आणि हीन भाषा' एवढेच आहे. शिव्यांचे शब्द फलकावर लिहायचे नाहीत, यावर मी ठाम आहे.

सामना चालू असताना एका खेळाडूच्या जातीवरून किंवा रंगावरून कुजबूज होते आणि तिचा हळूहळू आरडाओरडा होतो, हे प्रेक्षकांत बसणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. वाचनालयात येणारी मुलेही त्याच प्रेक्षकांत बसतात. म्हणून या फलकावर 'तिकडे असे होत असे' असा सूर येऊ नये, याची मी काळजी घेतली आहे.

२४ जानेवारी

कालच्या मजकुरातील एक शब्द रात्रभर सलत होता. ब्रिस्टलच्या सामन्यानंतर लवकरच टल मुख्य संघातून राखीव संघात गेले. टॉटनहॅमकडून त्यांचे लीगमधले सामने एकूण १० आणि गोल २. मी लिहिले होते, 'त्यामुळे टल यांना वगळण्यात आले.' आज 'त्यामुळे' खोडून 'त्यानंतर' केले. घटनांचा क्रम मला सांगता येतो, निवड करणाऱ्यांच्या मनातले कारण मी सांगू शकत नाही. मात्र बातमीदाराच्या मते त्या दिवशी मैदानावरचा कुवतीने सर्वांत चांगला आघाडीपटू असलेला माणूस थोड्याच काळात राखीव संघात दिसतो, एवढी दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की वाचणारा विचार करेल.

दलित समाजातील गोलंदाज पलवणकर बाळू यांचा उल्लेख या फलकावर करावा, असे वाचनालयातील एका जाणत्या वाचकाने सुचवले. बाळू १९११ च्या उन्हाळ्यात भारतीय क्रिकेट संघाबरोबर इंग्लंडला गेले होते आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. टल तेव्हा टॉटनहॅमच्या राखीव संघात होते. पुण्याच्या क्रिकेट मैदानावर बाळूंना चहा वेगळ्या भांड्यात मिळत असे. सूचना मनाला भिडणारी आहे, पण मी ती घेतली नाही. या दोघांच्या आयुष्यांत थेट दुवा नाही आणि बाळू यांची बोळवण एका कोपऱ्यातल्या दोन ओळींत करणे मला बरे वाटत नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र भिंत मागावी, असा प्रस्ताव मी पुढील बैठकीत ठेवणार आहे.

३० जानेवारी

नॉर्थॅम्प्टनचा फलक एका बैठकीत पूर्ण झाला. ऑक्टोबर १९११ मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउनचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी टल यांना चांगली रक्कम मोजून घेतले. हेच चॅपमन पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल यांचे नामांकित व्यवस्थापक झाले. तेव्हाचा नॉर्थॅम्प्टन सदर्न लीगमध्ये खेळत असे. येथे टल आघाडीवरून मागे येऊन हाफच्या, म्हणजे आघाडी आणि बचाव यांमधल्या, जागी स्थिरावले आणि मुख्य संघाकडून त्यांनी १११ सामने खेळले. टॉटनहॅममध्ये १० आणि येथे १११, हे दोन आकडे फलकावर मोठ्या ठशात घेतले आहेत. आमच्या मुलांना टॉटनहॅमचे आकर्षण असले, तरी खेळाडू म्हणून टल यांचे खरे घर नॉर्थॅम्प्टन होते.

४ फेब्रुवारी

युद्धाचा पहिला फलक. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले तरी लीगचे सामने चालूच राहिले आणि तरणीताठी माणसे चेंडूमागे धावत आहेत म्हणून वृत्तपत्रांतून मोठी टीका झाली. १५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या फुलम टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन स्थापन झाली. लोक तिला फुटबॉल बटालियन म्हणू लागले. नाव नोंदवणारा पहिला खेळाडू फ्रँक बकली. टल २१ डिसेंबरला भरती झाले. नॉर्थॅम्प्टनच्या खेळाडूंपैकी ते पहिले. वर्षभराच्या प्रशिक्षणात ते सार्जंटच्या पदापर्यंत चढले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बटालियन फ्रान्सला उतरली.

येथे 'देशासाठी सर्वस्व अर्पण करण्याच्या भावनेने' असे शब्द पेनातून आपोआप उतरले, ते लगेच काढले. सव्वीस वर्षांचा एक धडधाकट माणूस सभेनंतर सहा दिवसांनी जाऊन नाव नोंदवतो, इतके पुरेसे आहे.

८ फेब्रुवारी

१९१६ च्या वसंतात टल यांना आघाडीवरून रुग्णालयात आणि तेथून इंग्लंडला हलवावे लागले. लष्करी कागदावर आजाराचे नाव 'अक्यूट मेनिया' असे आहे. शब्दकोशाप्रमाणे त्याचे मराठी 'तीव्र उन्माद' होते, परंतु आपल्याकडे उन्माद हा शब्द सत्तेच्या, धर्माच्या किंवा विजयाच्या कैफासाठी वापरला जातो. 'वेड' लिहिले तर मुले हसतील. शेवटी मी नाव आहे तसे ठेवून पुढे सरळ वर्णन केले : महिनोन्‌महिने तोफांच्या माऱ्याखाली राहिल्याने मनाचा तोल सुटण्याचा हा आजार होता, त्याला त्या काळी 'शेल शॉक' म्हणत, आणि हजारो सैनिकांना तो झाला.

हा परिच्छेद गाळावा, वीराच्या चरित्रात तो शोभत नाही, असे मंडळातील एका ज्येष्ठांचे मत पडले. मी नम्रपणे नकार दिला. टल रुग्णालयात असताना त्यांची बटालियन फ्रान्समधील सोम नदीजवळच्या लढाईत डेलव्हिल वुड आणि गिल्मों येथे भरडली गेली. ती लढाई कशी आहे हे पुरते माहीत झाल्यावर, एकदा मन मोडून परत आलेला हा माणूस सप्टेंबर १९१६ मध्ये पुन्हा फ्रान्सला गेला आणि त्याच सोमच्या चिखलात उतरला. आजार गाळला तर या परत जाण्याला काही अर्थच उरत नाही. ज्येष्ठांनी ऐकून घेतले आणि 'राहू दे तर' म्हणाले.

डिसेंबरात खंदकज्वराने ते पुन्हा इंग्लंडला आले. अंगावरच्या उवांमुळे पसरणारा हा ताप असल्याने त्याच्या स्पष्टीकरणाला एक ओळ दिली आहे.

१५ फेब्रुवारी

आज पाचव्या फलकाची चाचणी प्रत हातात आली आणि मला धक्का बसला. वर मोठ्या लाल अक्षरांत 'ब्रिटिश सैन्यातील पहिला कृष्णवर्णीय अधिकारी' असे छापले होते. माझ्या मजकुरात 'पहिला' हा शब्द नव्हता. मांडणी करणाऱ्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "सर, नुसतं 'अधिकारी' म्हटलं तर कोण थांबून वाचणार? 'पहिला' असलं की माणूस थांबतोय बघा."

त्याचे म्हणणे जाहिरातीपुरते बरोबर आहे. टल यांच्याविषयी हे विधान जगभर इतके वेळा छापले गेले आहे की त्याने ते खरे मानले, यात त्याचा दोष नाही. पण टल यांच्या आधीही त्या युद्धात ब्रिटिश सैन्यात आफ्रिकी वंशाच्या काही तरुणांना अधिकारपद मिळाले होते. जमैकाचे जॉर्ज बेमंड आणि डेव्हिड क्लेमेटसन ही त्यांतली दोन नावे. खेळातही तेच. इंग्लंडमधले पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आर्थर व्हार्टन यांचे नाव घ्यावे लागते, ते टल यांच्या जन्माआधीच प्रेस्टनचे गोलरक्षक होते. विली क्लार्क हे ॲस्टन व्हिलाकडून १९०१ साली खेळले. 'पहिला' हा शब्द टल यांना लावताना आपण या माणसांना पुसून टाकतो, आणि पुसले जाण्याविरुद्धच तर हा सगळा खटाटोप आहे. मुलाने हे मुकाट्याने ऐकले आणि संध्याकाळी स्वतःहून सातही फलकांतून तो शब्द शोधला. आणखी दोन ठिकाणी सापडला. बटालियनच्या ओळीतला 'नॉर्थॅम्प्टनच्या खेळाडूंपैकी पहिले' हा उल्लेख तेवढा राहिला, कारण तो खरा आहे.

१६ फेब्रुवारी

'पहिला' काढल्यावर त्या जागी काय लिहायचे? जे घडले तेच मुळात मोठे आहे. टल यांना स्कॉटलंडमधील गेल्स येथील अधिकारी प्रशिक्षण छावणीत पाठवण्यात आले आणि ३० मे १९१७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. अधिकारपदाचा उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा, अशी अट तेव्हाच्या लष्करी नियमावलीत लिहिलेली होती. आफ्रिकी वंशाच्या माणसाच्या हुकमतीखाली गोरे शिपाई राहणार नाहीत, असा त्यामागचा समज होता.

आमच्या वाचकांना हे समजावण्यासाठी एक परिचयाचा धागा येथे रास्त वाटला. आपल्या भागातील असंख्य घरांत पणजोबा सुभेदार होते, जमादार होते, अशा आठवणी आहेत. पण भारतीय सैन्यातला सुभेदार मेजर कितीही अनुभवी असला तरी नुकत्याच आलेल्या कोवळ्या इंग्रज सेकंड लेफ्टनंटपेक्षा खालच्याच पायरीवर असे. राजाच्या सहीची सनद भारतीयांसाठी खुली झाली ती ऑगस्ट १९१७ मध्ये, आणि तीही केवळ नऊ जणांना. टल यांची सनद मे महिन्यातली. हे सांगितल्यावर सेकंड लेफ्टनंट या सर्वांत खालच्या अधिकारपदाचे वजन कोल्हापुरात कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

२२ फेब्रुवारी

सहावा फलक : प्याव्हे नदी. अधिकारी झाल्यावर टल मिडलसेक्सच्या २३ व्या बटालियनमध्ये गेले. ही फुटबॉलपटूंची दुसरी बटालियन. बेल्जियममधील ईप्रच्या लढाईनंतर नोव्हेंबर १९१७ मध्ये ही तुकडी इटलीला हलवण्यात आली. प्याव्हे ही आल्प्सच्या बर्फाची नदी. पात्र रुंद, मधे गोट्यांची बेटे, आणि त्यांमधून अनेक फाटे होऊन धावणारे गार, ओढीचे पाणी. पलीकडच्या काठावर ऑस्ट्रियाच्या बाजूचे सैन्य होते.

१९१८ च्या १ आणि २ जानेवारीच्या मधल्या रात्री टाकलेल्या छाप्यात टल यांनी नदी ओलांडणाऱ्यांत आघाडी घेतली, मुख्य तुकडीला आडोसा देणाऱ्या २६ जणांना पलीकडे नेले आणि जोरदार गोळीबार होत असतानाही एकही माणूस न गमावता सर्वांना परत आणले. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्यांचे शौर्य आणि धीमेपणा यांबद्दल लेखी प्रशंसा केली. त्यातल्या 'कूलनेस'साठी मी आधी 'संयम' आणि मग 'थंड डोके' लिहून पाहिले. 'धीमेपणा' मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण दहा वर्षांपूर्वी चेंडू पायाशी असताना त्यांच्यात जे दिसे, तेच लोकांना नदीच्या पात्रात दिसले.

हा फलक लिहिताना मला सर्वांत अधिक समाधान मिळाले. येथे कोणी मरत नाही. एक माणूस सव्वीस जणांना रात्री बर्फाच्या पाण्यातून नेतो आणि परत आणतो. चित्रकाराला मी विनंती केली आहे की येथे बंदुका नकोत, फक्त रात्र, गोटे आणि पाणी काढावे.

१ मार्च

शेवटच्या फलकाचे क्रियापद ठरत नाही. 'शहीद झाले' आणि 'हुतात्मा झाले' हे शब्द रोजच्या वृत्तपत्रांतले आहेत, पण हुतात्मा म्हटले की आपल्याला बेचाळीस आणि संयुक्त महाराष्ट्र आठवतो. 'वीरगती प्राप्त झाली' यात भाषणाचा सूर आहे, तर 'ठार झाले' हे नुसते बातमीसारखे वाटते. तालमीचे वस्ताद शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "कामी आले म्हणा की. आमच्या आज्याचा थोरला भाऊ बसऱ्याला गेलेला, घरात त्याला असंच म्हणत्यात."

बखरींपासून चालत आलेला हा शब्द माझ्या डोक्यात आला नव्हता, याची खंत वाटली. लढाईत मेलेला माणूस कोणाच्या तरी उपयोगी पडला, एवढेच तो सांगतो आणि जास्त बोलत नाही. वाक्य असे झाले : 'मार्च १९१८ मध्ये बटालियन फ्रान्सला परतली. २१ मार्चला जर्मन सैन्याने मोठी चढाई सुरू केली आणि २५ मार्च रोजी बापोम शहराजवळील फाव्रय गावापाशी माघार घेत असताना सेकंड लेफ्टनंट वॉल्टर टल कामी आले.' पुढच्या महिन्यात त्यांना तीस वर्षे पूर्ण झाली असती.

यानंतरचे वाक्य मुलांसाठी मुद्दाम ठेवले आहे. टॉम बिलिंगहॅम नावाचा एक शिपाई, जो युद्धाआधी लेस्टर फॉस या संघाचा गोलरक्षक होता, त्याने गोळीबारातून टल यांना मागे आणण्याचा प्रयत्न केला. ते जमले नाही. देह मिळाला नाही.

६ मार्च

कंपनीतील अधिकारी पिकार्ड यांनी ग्लासगोला एडवर्डना पाठवलेल्या पत्राचा आशय सातव्या फलकाच्या उजव्या बाजूला घेतला. टल बटालियनमध्ये सर्वांचे आवडते होते, त्यांना मिलिटरी क्रॉससाठी सुचवण्यात आले होते आणि ते त्यांनी निश्चितच कमावले होते, आणि स्वतः आपण एक मित्र गमावला, असे पिकार्ड यांनी लिहिले होते. पदक मिळाले नाही. युद्धखात्याच्या फाईलमध्ये शिफारशीचा कागद सापडलेला नाही, आणि ते पदक आता तरी द्यावे यासाठी ब्रिटनमध्ये गेली अनेक वर्षे मोहीम चालू आहे. पत्र एडवर्डना का आले, हे सांगण्यासाठी दुसऱ्या फलकावरील दत्तकाची ओळ पुन्हा जोडावी लागली. आणखी एक थोरला भाऊ विल्यम हाही युद्धात गेला होता, आणि त्याच्या परिणामांनी तो १९२० साली वारला.

टल यांचे नाव फ्रान्समधील ज्या शहराच्या स्मारकावर कोरले आहे, त्याचे नाव मी 'आरास' असे लिहिले होते. मुद्रित तपासणाऱ्या बाईंनी पेन्सिलीने शेजारी प्रश्नचिन्ह केले, कारण गणपतीच्या आराशीखेरीज तो शब्द मराठी माणूस वाचूच शकत नाही. आता 'अरास' केले आहे. ज्यांचा देह मिळाला नाही अशा सुमारे ३५,००० जणांची नावे त्या भिंतींवर आहेत. त्या स्मारकाचा आराखडा एडविन लट्यन्स यांचा, आणि दिल्लीचे इंडिया गेटही त्यांचेच. दिल्लीच्या सहलीला जाऊन आलेल्या मुलांना दगडांवर नावे कशी कोरलेली असतात, हे त्यामुळे डोळ्यांसमोर आणता येईल.

१९९९ साली नॉर्थॅम्प्टनच्या सिक्सफील्ड्स मैदानाजवळ उभारलेले स्मारक आणि तेथील रस्त्याला दिलेले टल यांचे नाव, यांसाठी शेवटच्या दोन ओळी राखून ठेवल्या आहेत.

१२ मार्च

फलक जमिनीवर ओळीने मांडून संघातील बारा-तेरा वर्षांच्या मुलांकडून मोठ्याने वाचून घेतले. जिथे मुले अडखळली, तिथे वाक्य तोडले. 'नियमावलीत' हा शब्द तिघांना अडला, तो 'नियमांत' केला. मासळीबाजार काढल्याचे सार्थक झाले, कारण 'शिवराळ' या शब्दावर सगळे एकदम गप्प झाले.

शेवटच्या फलकापाशी सर्वांत लहान मुलगा, जो आमच्या धाकट्या गटाचा गोलरक्षक आहे, बिलिंगहॅमच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "सर, ह्यो दुसऱ्या टीमचा गोली, आणि ह्यो हाफ. मग ह्यानं त्याला ओढत का आणलं?" मी काही सांगण्याआधीच त्याच्यापेक्षा मोठ्या मुलाने, "आता टीम एकच झालीती न्हवं," असे म्हणून उत्तर दिले आणि दोघे पुढच्या ओळीकडे वळले.

१६ मार्च

फलक भिंतीवर बसवले. सुताराने आधी मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीने खुणा केल्या होत्या. लहान मुलांना सातव्या फलकाचा वरचा भाग वाचता येत नव्हता, म्हणून सगळी ओळ नऊ इंच खाली घेतली आणि वरची भोके लांबीने बुजवली. रंगाचा एक हात उद्या द्यायचा आहे.